सुरीच्या रेघा

पद्मजा मगदूमला कोणी तिच्या कामाबद्दल विचारलं, की ती हसून सांगायची, "मी चित्रांतलं खोटं पुसते." मिरजेच्या एका रोगनिदान संस्थेत ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक विभागाची प्रमुख होती. सांगली, सोलापूर आणि सीमेपलीकडचा विजापूर-बेळगावचा पट्टा, एवढ्या मुलखातल्या रुग्णांच्या किडनीचे बारीक तुकडे तपासणीसाठी तिच्याकडे येत.

ते पाहणं सोपं नसे. साध्या सूक्ष्मदर्शकात प्रकाशाने पाहतात. इथे प्रकाशाच्या जागी इलेक्ट्रॉनांचा झोत असतो, आणि तो आरपार जाण्यासाठी काप इतका पातळ लागतो, की माणसाच्या एका केसाच्या जाडीत तसे हजारभर काप बसावेत. त्यासाठी तुकडा आधी रसायनात घालून जिथल्या तिथे थिजवतात, त्यातलं पाणी काढतात, राळेत बसवून कडक ठोकळा करतात आणि हिऱ्याच्या सुरीने त्याचे काप काढतात. एवढे सोपस्कार सोसलेली ऊती शरीरात होती तशी राहत नाही. पाणी गेल्यामुळे ती आक्रसते. रंगद्रव्याचे काळे ठिपके पडतात. धारेला बारीकसा खड्डा असला, तर चित्रभर ओरखडा उमटतो. आणि कापताना सुरी जराशी थरथरली, तरी कापावर सारख्या अंतराने समांतर रेघा उठतात. रोग्याच्या शरीरात यातलं काहीच नसतं. जुने तज्ज्ञ वर्षानुवर्षांच्या सवयीने ते मनातल्या मनात वगळून चित्र वाचत. नव्यांना ते जमेपर्यंत अर्धी नोकरी सरत असे.

पद्मजाने हे वगळणं यंत्राला शिकवलं. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी जुन्या चित्रांचे ढीग घेऊन बसून प्रत्येक डागावर, प्रत्येक रेघेवर खूण केली: हे खोटं, हे खरं. जोडीला रसायनांशिवाय क्षणात गोठवलेल्या ऊतीची चित्रं दिली, म्हणजे आक्रसण्याआधी ती कशी असते ते यंत्राला कळावं. शिकत शिकत यंत्र रेघ तर पुसायला लागलंच, पण रेघेखाली काय असायला हवं होतं तेही आजूबाजूच्या रचनेवरून भरायला लागलं. तिने त्याचं नाव ठेवलं 'नितळ'.

पुढे नितळ सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्यातच बसवलं गेलं. पडद्यावर यायचं ते सुधारलेलंच चित्र. मूळचं चित्र साठवलं जात नसे. त्याचा पसारा फार होता आणि ते कोणी मागतही नसे. जिथे तज्ज्ञ कधी पोचलाच नव्हता अशा गावांतून आता तासाभरात निदान होऊ लागलं. देशातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात नितळ बसवायचं ठरलं, तेव्हा पद्मजा पन्नाशीला आली होती. लग्न तिने केलं नव्हतं. आईवडील गेले होते. सख्खं म्हणावं असं माणूस एकच, धाकटा भाऊ सुकुमार.

सुकुमारची तासगावकडे द्राक्षाची बाग होती. त्याची बायको त्रिशला शेतकी पदवीधर. परदेशी जाणारा सगळा माल तीच बघायची, फवारणीची ड्रोनही तीच उडवायची. दोघांनी मिळून बाग नावारूपाला आणली आणि नेमक्या त्याच काळात सुकुमारच्या किडन्या गेल्या. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. तुकडा पद्मजाकडेच तपासला गेला. किडनीतल्या रक्त गाळणाऱ्या गाळण्या सुकलेल्या दिसल्या. त्या कशाने सुकल्या ते दिसलं नाही. अहवालात 'कारण अज्ञात' असं लिहिलं गेलं. त्या भागातून असे अहवाल बरेच जात होते.

डायलिसिसचं यंत्र आता सुटकेसएवढं झालं होतं आणि ते घरीच होतं. रविवारी पद्मजा गेली, तेव्हा सुकुमार पडवीत खुर्चीवर हात लांब करून बसला होता आणि नळीतून रक्त फिरत होतं.

"आक्का, तुझीपण किडनी जुळती म्हणे," तो म्हणाला. "माझा रक्तगट एबी. डॉक्टरबाई म्हणाल्या, मला कुणाचंपण चालतंय."

"मग मी देते की," पद्मजा म्हणाली.

ती ते मनापासून म्हणाली होती. पण म्हणता म्हणताच तिच्या मनात दुसरा हिशेब सुरू झाला. ऑपरेशननंतरची विश्रांती. दिल्लीतल्या बैठका. राज्याराज्यांतून सुरू होणारी प्रशिक्षणं, जी तिच्याशिवाय दुसरं कोणी घेऊ शकत नव्हतं. त्रिशला चहाचे कप घेऊन आली होती. तिने पद्मजाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही नको, आक्का," ती म्हणाली. "तुमचं इतक्या वर्षांचं काम आत्ता कुठं मार्गी लागतंय. मी घरातच आहे. माझी चालती त्यांना, मी विचारून आले."

"अगं, पण..."

"पण काय? बायकोनं द्यायची नाही तर कुणी?"

पद्मजा आणखी एकदा नको म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली नाही. मिरजेला परतताना गाडीत तिला हलकं वाटलं, आणि आपल्याला हलकं वाटतंय याची थोडी लाजही वाटली.

किडनीच्या डॉक्टर एस्तेर सातपुते. पद्मजाची आणि तिची कॉलेजपासूनची मैत्री. त्रिशलाच्या तपासण्या झाल्यावर एस्तेर स्वतः चालत पद्मजाच्या खोलीत आली.

"सगळं चांगलं आहे. फक्त लघवीत प्रथिनाचा अंश येतोय. अगदी किंचित. दोनदा तपासलं, दोन्ही वेळा आला."

"उन्हातान्हात काम करते ती. त्यानेही येतो."

"येतो. पण देणाऱ्याच्या बाबतीत मला धोका नको. मी तुकडा काढून तुझ्याकडे पाठवते."

तुकडा आला, त्याचे काप झाले, आणि पद्मजाने ते स्वतः पाहिले. किडनीत रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांना एक पातळ पडदा असतो. खरी गाळणी तीच. त्रिशलाचा पडदा एकसारखा, कुठेही न फाटलेला, पुस्तकात छापावा असा होता. पद्मजाने एस्तेरला संगणकाच्या पडद्यासमोर बसवलं.

एस्तेर बराच वेळ बघत राहिली. "मग प्रथिन गळतंय कुठून?"

"गळत नसेल. तात्पुरतं असेल."

"पद्मजा, मला हेच चित्र न सुधारलेलं दाखवशील?"

"ते राहत नाही. तुला माहीत आहे."

"नितळ बंद करून परत काढता येत नाही?"

येत होतं. कॅमेरा उघडून जुनी व्यवस्था जोडावी लागली असती, मग सगळ्या यंत्राचं नव्याने प्रमाणीकरण. आठवडा गेला असता. त्याच आठवड्यात बाहेरची मंडळी विभाग बघायला यायची होती आणि त्यांच्यासमोर कॅमेरा उघडा ठेवावा लागला असता, तोही नितळवर शंका आली म्हणून.

"एस्तेर, आपण दोघींनी मिळून ओरखड्यांना रोग समजून किती अहवाल चुकवले होते, आठवतं ना? तू परत त्याच ओरखड्यांकडे जायचं म्हणतेस."

एस्तेरच्या मनातली शंका गेली नव्हती, पण शंकेला धरायला तिच्याकडे काही नव्हतं. चित्र स्वच्छ होतं. पद्मजाने अहवालावर सही केली आणि त्रिशलाची डावी किडनी सुकुमारला बसवली गेली.

ऑपरेशन उत्तम झालं. सुकुमारच्या चेहऱ्यावरचा काळसरपणा गेला, तो बागेत हिंडायला लागला. डायलिसिसचं यंत्र त्रिशलाने पुसून परत पाठवून दिलं. पद्मजा गावोगाव फिरत होती. प्रत्येक भाषणात ती भावाची गोष्ट सांगे. नाव न घेता, एका घरातली गोष्ट म्हणून.

दुसऱ्या हंगामाची छाटणी झाली आणि त्रिशलाच्या पायांवर सूज आली. आधी तिने कामाचा शीण म्हणून सोडून दिलं. मग सकाळी डोळ्यांखालीही सूज दिसायला लागली. एस्तेरने तपासलं, तेव्हा लघवीतून प्रथिन भरभरून चाललं होतं. उरलेल्या एकाच किडनीचा तुकडा काढायचा म्हणजे जोखीम होती, पण ती घ्यावी लागली.

संगणकाच्या पडद्यावर पुन्हा तेच चित्र आलं. गाळण्या काही ठिकाणी सुकायला लागलेल्या. पण पडदा सरळ, एकसारखा, देखणा. पद्मजा त्या चित्राकडे पाहत राहिली. एवढं प्रथिन ज्या पडद्यातून गळतंय, तो इतका देखणा असूच शकत नाही, हे आता तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिने रजेवर असल्याचं कळवून विभागाचं दार लावून घेतलं आणि कॅमेरा उघडला. जुनी व्यवस्था जोडून प्रमाणीकरण व्हायला आठवडा लागला. मग तोच काप तिने पुन्हा झोताखाली ठेवला.

कित्येक वर्षांनी ती न सुधारलेलं चित्र बघत होती. ठिपके, एक आडवा ओरखडा, कोपऱ्यात घडी पडलेली. आणि पडद्यात रेघा होत्या. बारीक, समांतर, सारख्या अंतराच्या. सुरीच्या थरथरीने उठतात अगदी तशा.

तिच्या मनात आलं, की थरथरच असेल. असावी असं तिला फार वाटत होतं. ते तपासायची रीत तिला विद्यार्थिदशेपासून ठाऊक होती. थरथरीच्या रेघा सुरीच्या धारेला समांतर असतात, आणि त्या ऊतीवरून, रिकाम्या जागेवरून, राळेवरून सारख्याच जातात; सुरीला खाली काय आहे ते कळत नाही. म्हणून ठोकळा काटकोनात फिरवायचा आणि नवा काप काढायचा. रेघा खोट्या असतील तर आता ऊतीच्या संदर्भात आडव्या दिशेने जातील. खऱ्या असतील तर ऊतीला सोडून जाणार नाहीत.

तिने ठोकळा फिरवला. नवा काप काढला. रेघा पडद्याबरोबरच फिरल्या होत्या. पडदा जिथे वळत होता तिथे त्या त्याच्यासोबत वळत होत्या, आणि वाहिनीच्या आतल्या मोकळ्या जागेत एकही नव्हती. ते तंतू होते. कुठल्यातरी प्रथिनाचे, ओळीने साचलेले, पडद्याला आतून चिरत गेलेले. वैद्यकाने पूर्वी कधी न पाहिलेले.

नितळने चूक केली नव्हती. त्याला दाखवलेल्या चित्रांत अशी रेघ जेव्हा जेव्हा आली होती, तेव्हा ती सुरीचीच होती, आणि तिच्यावर 'खोटं' अशी खूण पद्मजाने स्वतः केली होती. हा रोग त्यानंतर आला. जे आधी कधीच नव्हतं ते खरं असू शकतं, हे यंत्राला कुणी शिकवलं नव्हतं.

जुने ठोकळे कपाटात जपून ठेवलेले असत. पद्मजाने ऑपरेशनपूर्वीचा त्रिशलाचा ठोकळा काढला. तो कापण्याआधी ती बराच वेळ हातात घेऊन बसली. रेघा त्यातही होत्या. थोड्या, विरळ, पण स्पष्ट. सुकुमारच्या पहिल्या तुकड्यात तर पडदा पार चिरलेला होता.

ती एस्तेरकडे गेली आणि तिन्ही चित्रं तिच्यासमोर ठेवली. एस्तेरने एकेक करून पाहिली.

"मी आणखी जोर धरायला हवा होता," ती म्हणाली.

"तू विचारलं होतंस. मी दाखवलं नाही."

एस्तेरने ते नाकारलं नाही. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "घरी कोण सांगणार?"

"मीच."

बागेतल्या माल भरायच्या शेडमध्ये त्रिशला खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. काम बायका करत होत्या, ती नुसती सांगत होती. पद्मजाने दोघांना घरात बोलावलं आणि जे झालं ते सगळं सांगितलं. एस्तेरने काय मागितलं होतं आणि आपण काय उत्तर दिलं, तेही.

त्रिशलाने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तेव्हाच दिसलं असतं?"

"हो."

"मग माझी काढली नसती."

"नसती काढली. तुला औषध सुरू झालं असतं. दोन किडन्यांवर तू पुष्कळ वर्षं काढली असतीस."

सुकुमार उठून दाराशी गेला. त्यांच्याकडे पाठ करून बाहेर बघत राहिला.

"आक्का," त्रिशला म्हणाली, "एक विचारू? तेव्हा तुम्ही का नाही दिलीत? मी नको म्हणाले होते, ते धरून बोलत नाही मी. तुमच्या मनात काय होतं?"

पद्मजाला खोटं सांगता आलं असतं. "काम होतं," ती म्हणाली. "तू नको म्हणालीस ते मला सोयीचं वाटलं."

त्रिशलाने मान हलवली. तिला ते आधीपासूनच माहीत असावं.

"आता देते मी. तुला," पद्मजा म्हणाली.

"तुमचा गट बी. माझा ए. मला चालत नाही." ती हे अगदी सहज म्हणाली, या गोष्टी तिला पाठ झाल्या होत्या. "अदलाबदल करता येती म्हणे, तुमची दुसऱ्याला आणि त्यांच्या घरातली मला. पण ते नको. तुमची ह्यांच्यासाठी ठेवा. माझी जी ह्यांच्यात आहे, तीही आजारीच गेलीय ना? ती बंद पडली तर ह्यांना कोण देणार?"

त्यावर सुकुमार दारातूनच, न वळता म्हणाला, "आक्का, तू आता जा."

पद्मजाने नितळ थांबवायला लावलं. ते सोपं झालं नाही. ज्यांनी तिचे सत्कार केले होते त्यांनीच तिला शांत राहायचा सल्ला दिला. ती शांत राहिली नाही. देशभरातले जुने ठोकळे कपाटांतून निघाले, फिरवून पुन्हा कापले गेले, आणि 'कारण अज्ञात' लिहिलेल्या कितीतरी माणसांच्या पडद्यांत त्याच रेघा निघाल्या. बहुतेक बागायतदार आणि बागेत राबणारे होते. द्राक्षावरच्या एका नव्या बुरशीनाशकापर्यंत माग पोचायला आणखी एक वर्ष गेलं. ते बंद झालं. लवकर सापडलेले रुग्ण वाचले. औषध घेत, जपून, पण वाचले. पद्मजाचं कौतुक पुन्हा एकदा झालं, या वेळी चूक उघड केल्याबद्दल. तिने एकही सत्कार घेतला नाही.

त्रिशलाची किडनी सावरली नाही. एकटीवर सगळा भार आल्यामुळे ती लवकर थकली. सुटकेसएवढं यंत्र पुन्हा घरात आलं. आता हात लांब करून त्रिशला बसायची आणि सुकुमार नळ्या जोडायचा. एस्तेरने समजूत घातल्यावर ती अदलाबदलीच्या यादीत नाव घालायला कशीबशी तयार झाली. धारवाडकडचं एक कुटुंब जुळलंही होतं. तपासण्या सुरू होत्या तेवढ्यात तिला जंतुसंसर्ग झाला आणि तो रक्तात पसरला. पद्मजा दवाखान्यात पोचली तेव्हा ती शुद्धीवर होती. "चहा घेतलात का?" एवढंच तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

सुकुमारने बाग काढून टाकली. बहिणीचा फोन तो उचलत नसे. तपासणीला मिरजेला यायचा, एस्तेरला भेटायचा आणि त्याच पावली परत जायचा. असं दीड-दोन वर्षं चाललं.

मग एका तपासणीत एस्तेरला त्याच्यातल्या किडनीचा तुकडा काढावासा वाटला. तुकडा वर पद्मजाच्या विभागात गेला. थोड्या दिवसांनी, सकाळच्या कामाच्या वेळी, पद्मजाच्या खोलीच्या दारात सुकुमार उभा होता. केस पांढरे झालेले, अंग सुकलेलं. ती उठून उभी राहिली. बस म्हणावं की नाही, तिला कळेना.

"एस्तेरबाई म्हणाल्या, तू बघितलंस. मला दाखव," तो म्हणाला.

तिने त्याला संगणकाच्या पडद्यासमोर बसवलं. चित्र न सुधारलेलंच होतं. विभागात आता सगळी तशीच निघत. एका कोपऱ्यात डाग होता, मधून एक ओरखडा गेला होता.

"हे तिचं?"

"हो."

"आजार कुठला यातला?"

तिने बोट न टेकवता किडनीच्या पडद्यातल्या रेघा दाखवल्या. "या. पण मागच्या चित्रापेक्षा वाढलेल्या नाहीत. फवारणी बंद झाली, तू औषध नीट घेतोस, त्यामुळे त्या तिथेच थांबल्यात. ही किडनी चालेल, सुकुमार. बरीच वर्षं चालेल असं दिसतंय."

तो वाकून बघत राहिला. बाहेर कुणीतरी पद्मजाला हाक मारली, ती गेली नाही.

"तेव्हा तुझी मला चालली असती," तो म्हणाला. विचारल्यासारखं नाही.

"चालली असती."

"म्हणजे दोन्ही तिच्याकडंच राहिल्या असत्या."

पद्मजा त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"सुकुमार," ती म्हणाली, "पुढं कधी लागलीच, तर मी आहे. माझ्या तपासण्या मी दर वर्षी करून ठेवते. दोन्ही चांगल्या आहेत."

त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. रागाने नव्हे. लहानपणी काही दुखलं, की तो असाच बघायचा.

"एस्तेरबाईंनी सांगितलं मला," तो म्हणाला. "लागू नये एवढंच बघतोय मी. पाणी मोजून पितो, मीठ सोडलंय. ही तिची आहे, आक्का. हीच टिकायला पाहिजे."

तो उठला, चपला घातल्या आणि जिन्याकडे गेला. पद्मजा त्याच्या मागे दारापर्यंत गेली. तो जिना सावकाश उतरत होता, एक हात कठड्यावर आणि दुसरा पोटाच्या उजव्या बाजूला, जिथे ती किडनी बसवली होती तिथे, अलगद धरलेला.